जोर उच्छ्वासावर

३ फेब्रुवारी, मंगळवार

बेचाळीस.

दादाने आज एका नळीत तोंड खुपसून जीव खाऊन हवा ओढली आणि यंत्राने बेचाळीस दाखवले. त्याच्या वयाच्या धडधाकट पुरुषाला ऐंशी तरी पाहिजेत, असं व्यायामाच्या बाई म्हणाल्या. दादाने माझ्याकडे बघून विचारलं, "पास का नापास?" मी म्हणालो, "पस्तीसला पास." तो खूश झाला. बाई झाल्या नाहीत.

दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा माणूस पाणीपुरवठ्याच्या पंपहाऊसवर होता. पस्तीस वर्षं! बिघडलेली मोटर दोघांत उचलून बाहेर आणायचे. आता खुर्चीतून उठताना वहिनी मागून, मी पुढून. केस विंचरायला हात वर जात नाही. रोगाचं नाव मायोसायटिस. मी घरी येईपर्यंत त्याचं भाषांतर करून टाकलं – स्नायुदाह. नाव दिलं की निम्मा रोग कळला असं आम्हा संस्कृतवाल्यांना वाटतं. डॉक्टरांनी सोपं करून सांगितलं: शरीराचे पहारेकरी घरच्याच माणसांना चोर समजून बडवतायत. आधी मांड्या झाल्या, मग खांदे. आता छातीखालचा पडदा, म्हणजे श्वास ओढणारा मुख्य गडी.

त्याच्यासाठी व्यायाम. टॉर्चएवढं एक उपकरण, आत स्प्रिंग. पुरेशा जोराने ओढलं तरच झडप उघडते आणि हवा आत येते. सोडताना काही नाही, हवा आपली आपण जाते. सकाळी तीस, संध्याकाळी तीस. दुखलं, चक्कर आली तर थांबायचं. सहा आठवडे. मग परत मोजणी.

दादाने यातलं अक्षर ऐकलं नाही. पंपहाऊसने त्याचे कान खाल्लेत, आणि मोजणीनंतर तो पलंगावर धापा टाकत पडला होता. वहिनी औषधांच्या रांगेत. मी ऐकलं, मी टिपलं. ऐकून लिहिणं हाच माझा धंदा – वार्ताहर आहे.

७ फेब्रुवारी, शनिवार

उपकरण आलं. निळं, खेळण्यासारखं. दादाने हातात घेऊन फिरवून बघितलं, एक डोळा मिटून आत बघितलं, आणि म्हणाला, "फूटवॉल्व आहे ही. पाइपाच्या तळाची झडप." झालं! तीन महिन्यांत पहिल्यांदा त्याच्या तोंडावर कामाचं हसू.

उद्या मला निघायचंय. पडलेल्या पुलाच्या चौकशीचं कामकाज, महिना-दीड महिना तरी परगावी. म्हणून बसून कार्ड लिहिलं. जाड पुठ्ठा, काळी शाई, टपोरं अक्षर – 'नळी ओठांत घट्ट. उच्छ्वास जोराने. निःश्वास सावकाश. तीस वेळा, दोन्ही वेळेला.' 'श्वास घ्या, श्वास सोडा' असं बालवाडीच्या भिंतीसारखं लिहायला हात धजेना.

दादाने लांब धरून वाचलं. "शास्त्री, हे औषध आहे का मंत्र?"

"दोन्ही. पाठ कर."

"अक्षर छान आहे पण," म्हणाला. एकसष्ट वर्षांच्या थोरल्या भावाने बावन्नाव्या वर्षी माझ्या अक्षराला चांगलं म्हटलं. पुठ्ठा पलंगाच्या उशाला टाचला.

९ फेब्रुवारी, सोमवार

लॉज. खोलीत एक टेबल, त्याचा एक पाय आखूड. चौकशीत आज पहिला साक्षीदार – सगळं लेखी सूचनेप्रमाणे केलं म्हणाला. पूल पडला तोही बहुधा लेखी सूचनेप्रमाणेच.

फोन केला. वहिनी कुरकुरली, "मला खोलीबाहेर काढलंय. दार लावून करतात. तू समोर बसलीस की हसू येतं म्हणे. तीस वर्षांत कधी आलं नाही ते!"

मग दादा. कमी ऐकू येणारी माणसं बोलतात तसा ओरडून, "त्या बाईंनी स्प्रिंग कितीवर ठेवलीय रे?"

"पंधरावर. का? कडक आहे?"

"नाही, नाही. आपलं विचारलं."

१२ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळ तीस, संध्याकाळ तीस. दाराआडून जाहीर झालेला निकाल.

१६ फेब्रुवारी, सोमवार

आजपासून वहिनीला आत बसायची परवानगी! ती शिवणकाम करते, त्यामुळे घरात बटणांना तोटा नाही. तीस शर्टाची बटणं एका वाटीत, एकेका श्वासाला एक दुसऱ्या वाटीत. "मला आकडे चुकतात, बटणं चुकत नाहीत," म्हणाली. मग जरा थांबून – "भाऊजी, जोर उच्छ्वासावरच ना?"

"उच्छ्वासावरच. कार्ड बघ की."

"बघूनच विचारतेय."

"मग झालं तर."

"चांगला जोर लावतात हो. समोरचा पडदा हलतो!"

मी हसलो. वहिनीचं कौतुक वाटलं, दादाचंही, आणि खरं सांगायचं तर स्वतःचंही.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

दादाचा आवाज बदललाय. वाक्य मध्येच ठेवून देतो, परत उचलतो. पलीकडे खोकला – पण खोकला नव्हेच, खोकल्याची नक्कल. कफ वर आणायलाही बळ लागतं हे मला बावन्न वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं.

बाईंनी घरी करायची एक चाचणी सांगितली होती – एका श्वासात मोठ्याने आकडे म्हणायचे. त्याला म्हटलं, म्हण. निघालो तेव्हा बावीसपर्यंत गेला होता. आज सोळा.

"मध्ये गिळलं मी," दादा म्हणाला. "तो धरू नको."

धरला नाही. पण मग दुसऱ्यांदा म्हण असंही सांगितलं नाही.

२ मार्च, सोमवार

तेरा.

वहिनी म्हणाली, सकाळी अठरा झाले होते. मी खरंच का असं विचारलं नाही.

५ मार्च, गुरुवार

रोज व्यायाम करतो, रोज खाली जातो. संध्याकाळी बातमी पाठवली आणि त्या लंगड्या टेबलाशी बसून राहिलो. काही करता येत नाही. फोन करता येतो, तो केला की त्याला बोलावं लागतं, आणि बोललं की तो दमतो. म्हणजे माझी चौकशीसुद्धा त्याच्याच श्वासावर. आज केला नाही. तर वहिनीचाच आला – "भाऊजी, यांनी विचारलंय, शास्त्री रुसला का?"

११ मार्च, बुधवार

डॉक्टरांशी बोललो. "व्यायाम नियमित चालू आहे ना?" "एकही चुकलेला नाही," मी म्हणालो. छातीवर हात ठेवून म्हणालो. ते म्हणाले, "मग सतराला बघू. व्यायाम होऊनही आकडा पडला असेल तर औषध बदलावं लागेल."

१७ मार्च, मंगळवार

अठ्ठावीस.

क्रमाने लिहितो, नाहीतर लिहिणारच नाही.

काल संध्याकाळी घरी आलो तेव्हा त्याचा व्यायाम उरकला होता. गोळ्यांनी चेहरा फुगलाय, खाली मान बारीक. आज सकाळी दवाखाना. त्याने ओढलं, डोळे बाहेर येईपर्यंत ओढलं, यंत्राने अठ्ठावीस दाखवले. बाईंनी परत करायला लावलं. सत्तावीस. त्यांनी कागद खाली ठेवला आणि म्हणाल्या, "काका, घरचं उपकरण आणलंय ना? कसं करता ते दाखवा बरं."

दादाने नळी हातात घेतली. एकदा माझ्याकडे बघितलं. मग नाकाने हवा घेतली, ओठ घट्ट केले आणि फुंकली.

परत नाकाने. परत फुंकली.

बाई हळूच म्हणाल्या, "काका, हे तर तुम्ही फुंकताय. सहा आठवडे असंच?"

उच्छ्वास! आमच्या पाठशाळेत गुरुजींनी घोकून घेतलेलं – उत् म्हणजे वर. वर घेतलेला तो उच्छ्वास, बाहेर टाकलेला तो निःश्वास. आणि शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात, वर्तमानपत्रात, बाजारात, साऱ्या मराठी मुलखात उच्छ्वास म्हणजे सोडलेला श्वास. मला हे माहीत नव्हतं का? मी स्वतः शेकडो वेळा तसा छापलाय. त्या दिवशी पुठ्ठ्यावर नेमके गुरुजी उतरले. आणि वहिनीने फोनवर विचारलं होतं. पडदा हलतो म्हणून सांगितलं होतं! ओढणाऱ्या माणसासमोरचा पडदा हलतो कधी?

वहिनी म्हणाली, "पण कार्डावर तर –"

"पाणी दे," दादा म्हणाला. तिचा हात धरला. मग बाईंकडे वळून – "माझंच चुकलं. ऐकू येत नाही ना मला. तुम्ही सांगितलंत एक, मी ऐकलं भलतंच."

मी शेजारी उभा. तोंड उघडलं नाही. पंचवीस वर्षं लोकांच्या चुका नावानिशी छापतोय.

डॉक्टर आले, ऐकलं, त्यांचा चेहरा मोकळा झाला. "म्हणजे श्वासाच्या स्नायूंना व्यायाम झालाच नाही. मग आकडा त्यानेही पडला असेल. नवीन औषध लगेच नको. ते दिल्यावर साधी सर्दीसुद्धा महागात पडते. चार आठवडे नीट ओढा. चौदा एप्रिलला ठरवू." स्प्रिंग सगळ्यात खाली आणली, नऊवर.

सांगायला लाज वाटते. पण गाडीत बसताना मला हलकं वाटत होतं. चूक सापडली होती!

१८ मार्च, बुधवार

वहिनीने सकाळीच गाठलं. मशीनवर बसली होती, पाय थांबवला. "काल मला बोलू का दिलं नाही यांनी?"

सांगितलं. उत् म्हणजे वर इथपासून. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली,

"भाऊजी, तुम्हाला साधं 'ओढा' लिहिता येत नव्हतं?"



ती रडली, मग रागाने एक अख्खी शिवण उसवली – कुणाच्या तरी शर्टाची, बरी होती. मग तोंड धुऊन आली आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा ताट वाढून घेऊन नीट जेवली. जेवताना म्हणाली, "म्हणजे रोग वाढला नाही. नुसता व्यायाम चुकला." मी म्हणालो, "तसंच." मीही जेवलो. दादा पलंगावरून आमच्याकडे बघत होता.

जुना पुठ्ठा काढला. नव्यावर एकच शब्द – ओढा.

संपादकांना सांगून रजा टाकली. कारण लिहिलं नाही.

१९ मार्च, गुरुवार

मीच समोर बसतो आता. वाट्या, बटणं. बाई म्हणाल्यात, होतील तेवढेच, तीसचा हट्ट नको, रोज एकेक वाढवा.

सात.

आठव्याला झडप उघडली नाही. आतून एक बारीक चिरका आवाज आला, बस्स.

२० मार्च, शुक्रवार

आठ! वहिनीला हाक मारून दाखवलं. वाटीत आठ बटणं, जसे काही मोतीच.

२२ मार्च, रविवार

सात. दिवसभर पाहुणे होते, बोलणं झालं, त्याने असेल.

२४ मार्च, मंगळवार

सात. संध्याकाळी सहा.

त्याच्याबरोबर मीही ओढतो, हे आज त्याने दाखवून दिलं. "शास्त्री, तोंड बघ स्वतःचं. मी ओढतोय का तू?" खरंच, माझे गाल आत, खांदे वर. त्याची झडप उघडेपर्यंत माझा श्वास अडकून असतो. माझी छाती भरते. त्याची तेवढीच राहते. एक बटण एवढंसं, ते उचलून ठेवण्यापलीकडे माझ्या हातात काही नाही.

"पंपाला आपण प्रायमिंग करायचो," दादा म्हणाला. थांबला. "वरून पाणी ओतायचं, म्हणजे धरतो. माणसाला" – परत थांबला – "नाही ओतता येत."

"बाईंना विचारतो."

"विचार. पण मराठीत विचार."

२७ मार्च, शुक्रवार

सहा. बाईंना फोन केला. नवीन सुरुवात आहे, घाई करू नका म्हणाल्या. सहा आठवडे वाया गेलेत, भरून यायला वेळ लागणारच. 'वाया गेलेत' हे त्या अगदी सहज म्हणाल्या. दुपारभर तेच कानात.

२९ मार्च, रविवार

पाच. मध्ये दोनदा थांबून.

सपाट झोपता येत नाही. तीन उशा. वहिनी म्हणते, हवा दमट आहे. मीही म्हटलं, दमट आहे. आम्ही दोघं त्या चुकीला असे धरून आहोत, जणू तो एकच खांब घराला उरलाय.

३१ मार्च, मंगळवार

पाच.

आकडे म्हणायला सांगितले. नऊ.

१ एप्रिल, बुधवार

चार. आणि चौदा तारखेला अजून तेरा दिवस. त्याला अजून सांगितलेलं नाही, की कार्डातला शब्द माझा चुकला. त्याला वाटत असेल, आपणच नीट वाचलं नाही. त्या दिवशी माझ्यासाठी खोटं बोलला का स्वतःला खरंच दोष देतोय – कळत नाही, आणि विचारलं तर उत्तर द्यायला त्याचा श्वास जाणार. हे कारण किती सोयीचं आहे!

३ एप्रिल, शुक्रवार

तीन. बटणं बाजूला ठेवली आणि सांगून टाकलं. दादा, माझ्या शब्दाने तुझे सहा आठवडे गेले.

तो हसला. हसणं पुरलं नाही, अर्ध्यात राहिलं.

"पस्तीस वर्षं पंपावर काढली. ओढणारं सक्शन कुठलं, ढकलणारी डिलिव्हरी कुठली, कळत नाही मला?" थांबला. "पहिला आठवडा ओढतच होतो. दार लावून." थांबला. "नऊ. सात. चार. मग दोन. हिला तीस मोजायचे होते. मग तुझं कार्ड वाचलं. फुंकायला सोपं होतं."

"मग दवाखान्यात नाही, निदान नंतर तरी –"

"चूक सापडली म्हणून तुम्ही दोघं जेवायला लागलात."

म्हणजे पहिल्या आठवड्यापासूनच खाली चाललाय. व्यायाम चुकल्यामुळे नव्हे. आणि डॉक्टर औषध अडवून बसलेत, ते माझ्या चुकीच्या भरवशावर.

वहिनी आत मशीनवर आहे. तिला अजून माहीत नाही. एका हाताने हे लिहितोय, दुसऱ्या हातात फोन. दवाखान्यात वाजतोय. कुणी उचलत नाही.